पुस्तक मिटल्यावर काय उरतं: कॉपीशिवाय परीक्षा कशी निभवायची

रात्री अडीच वाजता मी मैत्रिणीची असाइनमेंट उतरवून काढत होते. सकाळी नऊला सबमिशन, सहा गणितं, एकेका गणिताच्या पंधरा-वीस स्टेप्स, आणि मला इतकी झोप येत होती की काय लिहितेय ते वाचतही नव्हते, नुसतं तिच्या कागदावरचं माझ्या कागदावर. चौथ्या गणितात तिचं एका स्टेपला मायनसचं चिन्ह राहून गेलेलं, आणि दोन ओळी खाली ते आपोआप परत आलेलं, म्हणजे तिने मागे उत्तर बघून शेवट जुळवला असणार. माझ्या कागदावरही मायनस तिथेच गेला आणि तिथेच परत आला.

दोन दिवसांनी सरांनी बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत. पेन्सिलने त्या दोन जागांना गोल केला आणि म्हणाले, "हा इथे गेला कुठे आणि खाली आला कुठून, एवढंच सांग मला." मी त्या गोलाकडे बघत उभी राहिले. मला खरंच माहीत नव्हतं, कारण ते गणित मी केलंच नव्हतं.

आता मी स्वतः शिकवते, पेपर तपासते, आणि असे गोल मलाही करावे लागतात. दोन्ही बाजूंनी बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. कॉपीचा निर्णय आपल्याला वाटतो तसा परीक्षेच्या हॉलमध्ये किंवा आदल्या रात्री होत नाही. माझा तो तीन आठवडे आधीच झाला होता, जेव्हा मी सोडवलेली उदाहरणं वाचत मान डोलावली होती आणि "हो हो, कळलं" म्हणून पान उलटलं होतं. स्वतःशी केलेली ती छोटी थाप होती, तिचाच हिशोब अडीच वाजता समोर आला. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं परीक्षेच्या खूप आधीचं आहे, आणि पहिल्या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे कारण ती नीट केली तर पुढचं निम्मं काम हलकं होतं.

पहिली पायरी: आपल्याला काय येत नाही ते वेळेत शोधा

धडा तिसऱ्यांदा वाचताना डोळे भराभर सरकतात, प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं आणि आपण म्हणतो, झालं हे. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. रस्त्यात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र काही केल्या आठवत नाही, तसं आहे ते, आणि परीक्षेत नेमकं नावच विचारतात.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी याचा साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला, मग काहींना तोच परत वाचायला सांगितला आणि काहींना न बघता आठवेल तेवढा लिहून काढायला सांगितला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण एक आठवड्याने घेतली तेव्हा परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून बघणाऱ्यांना ५६ टक्के. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगातली. सारखं वाचत राहिलेल्यांना आपल्यालाच जास्त आठवेल असा कॉन्फिडन्स होता, आणि आठवड्याने तेच मागे पडले. वाचून वाचून आपण फक्त आपली खात्री वाढवतो, आणि ती खात्री हॉलमध्ये तुटली की घाबरगुंडी उडते आणि नजर शेजारच्या पेपरवर जाते.

मग करायचं काय? एक टॉपिक वाचून झाला की पुस्तक, वही, मोबाईल सगळं बाजूला ठेवा, नजरेसमोर पण नको. कोरा कागद घ्या, २० मिनिटं लावा आणि आठवेल ते सगळं लिहा, व्याख्या, सूत्रं, आकृती, उदाहरणं, जसं येईल तसं. पाचव्या मिनिटाला वाटेल की संपलं. तिथे उठू नका. "आणखी काय होतं" असं स्वतःला विचारत आणखी पाच मिनिटं बसा, कारण खरं काम तिथेच सुरू होतं, डोकं ओढून काढायला लागतं ना ते. वेळ संपली की पुस्तक उघडा आणि दुसऱ्या रंगाच्या पेनाने राहिलेलं भरा. चुकलेलं खोडून टाकू नका, त्याच्या शेजारी बरोबर लिहा, म्हणजे पुढच्या वेळी आपली चूक आपल्याला दिसते.

मग त्या कागदावरून यादी करा. न बघता आलं त्याला बरोबरची खूण, थोडं बघून आलं त्याला प्रश्नचिन्ह, अजिबात नाही आलं त्याला फुली. ही यादी करताना स्वतःला फसवायचा मोह होतो, अर्धवट आलेल्याला बरोबरची खूण द्यावीशी वाटते. तिथे देऊ नका. ही यादी कोणीच बघणार नाहीये, आणि म्हणूनच तिथे खरं लिहायची सवय लागली तर पुढे जिथे लोक बघतात तिथे खरं राहणं सोपं जातं, निदान माझ्या बाबतीत तरी तसंच झालं.

गणितासारख्या विषयात सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः करा, अडलात तर फक्त पुढची एक ओळ उघडा आणि परत झाका. पूर्ण उघडलंत की परत मान डोलावणं सुरू.

अजून एक, चिठ्ठीबद्दल. चीनमध्ये जुन्या काळात सरकारी परीक्षा असायच्या, १९०५ मध्ये बंद होईपर्यंत शेकडो वर्षं चालल्या, आणि त्या काळातले आतून बारीक अक्षरात अख्खेच्या अख्खे ग्रंथ लिहिलेले कपडे आजही जपून ठेवलेले आहेत. इतकं लिहायला किती दिवस लागले असतील याचा विचार करा. चिठ्ठी बनवणं ही खरं तर अभ्यासाची फार चांगली पद्धत आहे, अख्खा धडा तळहाताएवढ्या कागदावर बसवायचा म्हणजे महत्त्वाचं काय ते ठरवावंच लागतं. म्हणून बनवा खुशाल, पण परीक्षेच्या दोन दिवस आधी ती फाडून टाका आणि न बघता परत लिहून काढा. जे लिहिता आलं नाही तोच तुमचा उरलेला अभ्यास.

दुसरी पायरी: लागणारा वेळ खरा मांडा

उतरवून काढणारी बहुतेक मुलं आळशी नसतात हो, त्यांची वेळेची गणितं चुकलेली असतात. "हे तर दोन तासांत होईल" असं सगळेच म्हणतात. १९९४ मध्ये एका अभ्यासात शेवटच्या वर्षाच्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर किती, असं विचारल्यावर म्हणाले साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ पेक्षा जास्त. म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा कमीच पडला.

यावर माझा साधा नियम आहे, मनात जो आकडा येईल त्याची दीडपट करा, आणि काम नवीन प्रकारचं असेल तर दुप्पट. खऱ्या डेडलाइनच्या तीन दिवस आधीची तारीख हीच डेडलाइन म्हणून लिहून ठेवा, आणि ती एखाद्या माणसाला सांगा, "शुक्रवारी मी तुला पूर्ण झालेलं दाखवणार" असं, नुसतं मनात ठेवलेलं मन कधीही मोडतं.

परीक्षेला तीन आठवडे असतील तर मी असं सांगेन. पहिल्या आठवड्यात सगळे टॉपिक एकदा कोऱ्या कागदावर, कितीही वाईट झालं तरी. वाईट होणारच, ती यादी मिळणं हीच या आठवड्याची कमाई. दुसऱ्या आठवड्यात फक्त फुल्या आणि प्रश्नचिन्हं, पण एकच टॉपिक सलग पाच तास घेऊन बसू नका, आज पाऊण तास, मग दोन दिवसांनी परत, मग चार दिवसांनी परत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं आपण पहिल्या काही तासांतच भराभर विसरतो, आणि तीच रिव्हिजन एका दिवशी उरकण्याऐवजी काही दिवसांत वाटली तर कमी मेहनतीत टिकते. थोडं विसरल्यावर परत आठवायला त्रास होतो, तो त्रास हवाच आहे. तिसऱ्या आठवड्यात वेळ लावून पूर्ण पेपर, किमान दोन, खऱ्यासारखेच, त्याच वेळेला, मध्ये न उठता, मोबाईल दुसऱ्या खोलीत. घरात गडबड असेल तर वाचनालयात जा.

आणि तीन आठवडे उरलेच नसतील, चारच दिवस असतील तर? मग सगळं करायचा हट्ट सोडा. जास्त मार्कांचे आणि सारखे विचारले जाणारे टॉपिक काढा, तेवढेच न बघता येईपर्यंत करा आणि बाकी जाणार हे आधीच मान्य करा. साठ टक्क्यांची तयारी आहे हे माहीत असलेला मुलगा हॉलमध्ये शांत असतो. शंभर टक्क्यांचा आव आणलेलाच शेजारी बघतो, हे मी सुपरव्हिजन करताना खूपदा पाहिलंय.

तिसरी पायरी: मोहाची जागा आधीच बदला

आपण समजतो की जगात प्रामाणिक मुलं आणि कॉपी करणारी मुलं अशा दोन जाती आहेत. १९२८ मध्ये हार्टशॉर्न आणि मे या दोन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची वेगवेगळ्या प्रसंगांत परीक्षा घेतली तर तसं काही दिसलं नाही. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक वागत होतं आणि उलटही. प्रसंगाचा फरक मोठा पडत होता. मला हे वाचून खूप धीर आला होता, कारण याचा अर्थ आपण प्रसंग बदलू शकतो.

म्हणजे प्रत्यक्षात काय, तर मोबाईल हॉलच्या बाहेरच ठेवा, बंद करून खिशात नको. जागा निवडता येत असेल तर पुढे बसा. ज्याच्याकडे बघायची सवय आहे त्याच्या मागे बसू नका. खिसे, कंपास, कॅल्क्युलेटरचं कव्हर घरून निघतानाच रिकामं करा, नाहीतर सरावासाठी बनवलेली चिठ्ठी चुकून सोबत येते आणि मग चुकून आली हे कोणाला पटवणार?

मित्रांचं जरा अवघड असतं. "दाखव ना यार, एवढं काय" याला हॉलमध्ये उत्तर देता येत नाही, ते आदल्या दिवशी द्यायचं असतं. असं म्हणा: "पेपरात मी काही दाखवणार नाही, माझे हातपाय गळतात. पण आज संध्याकाळी दोन तास बसू, तुला जे येत नाही ते मी समजावते." यात नाही पण आहे आणि मदत पण आहे. दोन तास खरंच द्यायचे मात्र. माझा अनुभव असा की दहापैकी सात-आठ जण येतात आणि ज्याला नुसतंच उतरवायचं होतं तो येत नाही, तेही कळलेलं बरं. समजावणाऱ्याचाच अभ्यास पक्का होतो हा वरचा फायदा.

आणि आपल्या मनातली वाक्यं ऐकायला शिका. साइक्स आणि मॅट्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये चूक करणारी माणसं स्वतःला कशी समजावतात त्याचे पाच प्रकार मांडले होते, ते वाचताना मला आमचा वर्गच आठवला. माझा काय दोष, सरांनी शिकवलंच नाही. यात कोणाचं नुकसान होतंय? पेपरच इतका अवघड काढला, त्यांना असंच पाहिजे. मला बोलणारे स्वतः काय करतात ते माहितीये. मित्रासाठी केलं, माझ्यासाठी नाही. यातलं एखादं वाक्य मनात आलं की समजायचं, निर्णय जवळ आलाय. कधीकधी त्यात तथ्यही असतं, खरंच नीट शिकवलेलं नसतं, पेपर खरंच अन्यायाचा असतो. त्याची तक्रार करायची, लेखी करायची, चार जणांनी मिळून करायची. कॉपी करून ती तक्रार कोणापर्यंत पोचत नाही.

चौथी पायरी: असाइनमेंट, इंटरनेट आणि एआय

इथे मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ असतो आणि तो बराचसा प्रामाणिक असतो, कुठपर्यंत मदत आणि कुठून चोरी हे कोणी नीट सांगितलेलं नसतं. मी दोन प्रश्न विचारायला सांगते. एक, हे मी कसं केलं ते सरांना जसंच्या तसं सांगू शकते का? दोन, उद्या सगळं बंद करून हे परत करून दाखवू शकते का? दोन्हीला हो असेल तर सहसा काळजी नाही. पहिल्यालाच अडखळायला झालं तर रेष ओलांडली गेलीये. त्याशिवाय तुमच्या शिक्षकांचा नियम काय आहे ते आधी विचारा, एका विषयात एआयला परवानगी असते आणि दुसऱ्यात नसते, अंदाज लावू नका.

इंटरनेटवरून किंवा पुस्तकातून लिहिताना चूक बहुतेक वेळा नोट्स काढतानाच होते. वाक्य कॉपी-पेस्ट करून ठेवतो, "नंतर बदलू" म्हणतो, आणि दहा दिवसांनी ते कोणाचं होतं हेच आठवत नाही. म्हणून कॉपी केलेलं वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत टाका आणि शेजारी लेखक, पान, तारीख लिहा, नंतर नाही, त्याच क्षणी. स्वतःच्या शब्दांत लिहायचं तर परिच्छेद दोनदा वाचा, मिटा, कोणाला तरी तोंडी सांगतोय असं लिहा, मग मूळ उघडून फक्त माहिती बरोबर आहे का ते बघा. मूळ समोर ठेवून शब्द इकडचे तिकडे करणं म्हणजे स्वतःच्या शब्दांत लिहिणं नाही, नाव दिलं तरी नाही. आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी कल्पना दुसऱ्याची असेल तर त्याचं नाव द्यायचंच.

हे शाळा-कॉलेजपुरतं आहे असं वाटत असेल तर, जर्मनीचे तेव्हाचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट प्रबंधातल्या उतरवलेल्या मजकुरामुळे फेब्रुवारी २०११ मध्ये काढून घेतली गेली आणि मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला. हंगेरीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट यांचा प्रबंध तर १९९२ चा, त्यातली कॉपी २० वर्षांनी उघड झाली आणि एप्रिल २०१२ मध्ये पद गेलं. लिहिलेलं राहतं.

एआयचं थोडं सविस्तर. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून कोणतीही असाइनमेंट दोन मिनिटांत तयार मिळते हे खरंय. पण असाइनमेंट तयार होणं हा तिचा हेतूच नव्हता, शिक्षकाला तुमचा निबंध नकोय, तो लिहिताना तुमच्या डोक्यात जे व्हायला हवं ते हवंय. परवानगी असेल तर त्याचा वापर उलटा करा: "मला उत्तर देऊ नको, या टॉपिकवर एकेक प्रश्न विचार आणि माझं उत्तर कुठे चुकतंय ते सांग." किंवा आपलं लिहून झाल्यावर "यातला कमकुवत मुद्दा कोणता" असं विचारा. त्याने दिलेली पुस्तकं, आकडे, संदर्भ स्वतः उघडून तपासल्याशिवाय लिहू नका, ते अस्तित्वात नसलेली पुस्तकंही बिनधास्त सांगतं.

याच्या उलटही होतं, स्वतः लिहिलेलं असताना एआयचं आहे असा आरोप येतो, आणि तो फार लागतो. पकडणारी सॉफ्टवेअर्स भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असं टूल काढलं होतं, ते एआयने लिहिलेल्यातलं फक्त २६ टक्के बरोबर ओळखायचं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच शंका घ्यायचं, जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून जास्त निबंध अशा टूल्सनी एआयचे ठरवले होते. म्हणून आपले कच्चे मसुदे ठेवा, हाताने काढलेल्या नोट्सचे फोटो ठेवा, ज्यात जुन्या आवृत्त्या राहतात अशा ठिकाणी टाइप करा. आरोप आलाच तर चिडून मेसेज करू नका, भेटायची वेळ मागा, मसुदे घेऊन जा आणि म्हणा, "मॅडम, यातलं काहीही विचारा, मी इथेच समजावून सांगते."

पाचवी पायरी: प्रेशर

थोडी भीती असणं वाईट नाही, ती उठवून बसवते. त्रास होतो तो भीती डोक्यातली जागा अडवून बसते तेव्हा, सूत्र आठवायला लागणारी जागा "नापास झाले तर" ने भरलेली असते. रामिरेझ आणि बायलॉक या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये नववीतल्या मुलांना परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्या काळज्या कागदावर लिहायला सांगितल्या, आणि ज्यांना परीक्षेची जास्त भीती वाटायची त्यांना याचा फायदा झाला. करून बघा, हॉलमध्ये जायच्या आधी एका बाजूला बसा, जे वाटतंय ते घाणेरड्या अक्षरात लिहा आणि कागद कचऱ्यात टाका. दाराशी उभं राहून "तुझं हे झालं का, ते झालं का" करणाऱ्यांपासून लांब राहा, तिथे कोणाचंच भलं होत नाही.

आदल्या रात्री झोपा. पाठ केल्यावर झोपलेल्याला जास्त आठवतं हे जेंकिन्स आणि डालेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ मध्येच दाखवलंय. रात्री दोन ते चार वाचलेली पानं सकाळी धूसर असतात.

पेपर हातात आला की पूर्ण वाचा, सोप्यात सोप्या प्रश्नाला हात घाला. ब्लँक झालात तर पेन खाली ठेवा, पाय जमिनीवर टेकवा, चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं पाच वेळा. मग त्या टॉपिकमधला आठवेल तो कुठलाही एक शब्द कडेला लिहा, त्याला धरून दुसरा येतो. शेजारचा पेपर दिसत असेल तर कागद थोडा तिरका करून बसा म्हणजे मानच वळत नाही. आणि नाहीच येत, तर "मला इथपर्यंत येतं" एवढं लिहून पुढे जा, अर्धवट स्टेप्सचे मार्क्स देताना मला मनापासून बरं वाटतं, कारण ते त्या मुलाचे स्वतःचे असतात.

घरच्यांचं प्रेशर असेल तर रिझल्टच्या दिवशी बोलणं सुरू करू नका, आधी करा. वर केलेली खुणांची यादी दाखवा: "आई, एवढं येतं, एवढं येत नाही, मला वाटतं साठच्या आसपास मिळतील, मी हे करतेय." नुसतं "टेन्शन आलंय" म्हटलं की घरचे घाबरून अजून ओरडतात, यादी दिसली की बोलायला काहीतरी धरायला मिळतं. सगळ्याच घरांत हे चालत नाही, मग मावशी, काका, मोठा भाऊ, एखादे शिक्षक, कोणीतरी एक शोधा. आणि झोप उडालीये, जेवण जात नाहीये, जगूच नये असं वाटतंय, असं असेल तर अभ्यास बाजूला ठेवा आणि आजच एखाद्या मोठ्या माणसाला किंवा डॉक्टरांना तोंडाने सांगा. कोणतीही परीक्षा परत देता येते.

सहावी पायरी: कॉपी करून झालीये, आता काय

हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पकडलं जायच्या आधी सांगितलं तर उत्तम, पकडल्यावर सांगितलं तरी खोटं रेटण्यापेक्षा चांगलं. कारणं आधी सांगू नका. "सर, चौथं गणित मी केलेलं नाही, उतरवलंय. मला ते परत करायची संधी मिळेल का? नाही मिळाली तरी मला मान्य आहे." एवढंच. मित्राचं नाव घेऊ नका, आपलं सांगा. शिक्षा होऊ शकते, शून्य मिळू शकतं, काही ठिकाणी नियम कडक असतात, हे धरूनच जा.

मी त्या दिवशी पेन्सिलच्या गोलासमोर शेवटी "उतरवलंय सर" एवढंच म्हणाले. सर म्हणाले, "उद्या ये, इथे बसून कर." दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मला ते एक गणित सोडवायला पन्नास मिनिटं लागली, दोनदा अडले, दोनदा त्यांनी फक्त "वरची ओळ परत वाच" म्हटलं. असाइनमेंटला शून्यच दिलं. पण ते गणित मला आजही न बघता येतं, आणि त्या सहातली बाकीची पाच मी नंतर स्वतःहून केली, कोणी सांगितलं नव्हतं.

सातवी पायरी: रिझल्टनंतरचा एक तास

पेपर परत मिळाला की मार्क्स बघून बॅगेत टाकू नका. एक तास काढा आणि गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर लिहा, का गेला: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. चारांची औषधं वेगवेगळी आहेत. येत नव्हतं तर परत शिकायचं, आठवलं नाही तर कोऱ्या कागदाचा सराव कमी पडला, नीट वाचलं नाही तर पुढच्या पेपरला प्रश्नातल्या "का", "कोणते दोन", "चूक की बरोबर" अशा शब्दांखाली रेघ मारायची, वेळ पुरला नाही तर घड्याळ लावून पेपर सोडवायचे. बहुतेकांना वाटतं आपण पहिल्या प्रकारात मार खाल्ला, मोजल्यावर दुसरा किंवा तिसरा निघतो.

मग चुकलेले प्रश्न पेपर न बघता परत सोडवा, दोन दिवसांच्या आत, आणि वर तारीख घाला. पुढच्या परीक्षेच्या तीन आठवडे आधी हाच कागद पहिला काढायचाय.